उन्हाळ्यातला शेतकरी बाजार: आठच्या आत गेलात तर चार स्टार, अकराला गेलात तर दोन

या उन्हाळ्यात सलग सहा आठवडे छोट्या गावातल्या शेतकरी बाजारात भाजी घेतली, म्हणजे आता रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. बाजार म्हणजे काय तर मोकळ्या जागेत वीसेक टेबलं, वर ताडपत्र्या, त्यातल्या निम्म्यांची सावली गिऱ्हाईकापर्यंत पोचतच नाही. एसी नाही, ट्रॉली नाही, सगळा माल एकाच मापाचा आणि चकचकीत हवा असेल तर सुपरमार्केटच बरं, उगाच इथे येऊन नाकं मुरडू नका.

मग मी का जाते? कारण इथे "कधी तोडलं?" असं विचारलं की समोरचा माणूस उत्तर देतो. दुकानात हाच प्रश्न विचारून बघा, पोरगं तुमच्याकडे असं बघतं की तुम्ही त्याची जन्मवेळ विचारलीत.

पहिल्याच आठवड्यात मक्याच्या ढिगापाशी सवयीने कणीस सोलायला गेले तर तिथल्या मावशींनी ते हातातून काढूनच घेतलं. "सोलून ठेवलं की वाळतं, मग पुढच्या माणसाने काय घ्यायचं?" मग त्यांनीच दाखवलं, वरचे केस तपकिरी पण किंचित चिकट हवेत, कोरडे खडखडीत नकोत, आणि देठाचा कापलेला भाग ओलसर हवा. त्यांच्या हातातल्या कणसाचा देठ खरंच अजून ओला होता, बोट लावलं तर गार लागला. पहाटे पाचला तोडलंय, दुपारच्या जेवणाला उकडा, उद्यावर ठेवू नका म्हणाल्या. मला वाटलं विकायची घाई, म्हणून मुद्दाम दोन उकडली आणि दोन तशीच ओट्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशीची दोन खाल्ली आणि गप्प बसले. गोडी निम्मी पण राहिली नव्हती, दाणे पिठूळ. कणीस तोडलं की त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो आणि उकाड्यात तर फारच भरभर होतो, हे नंतर कळलं. म्हणजे ठेवायचंच असेल तर सालासकट लगेच फ्रिजमध्ये, पण खरं सांगू का, ठेवूच नका.

टोमॅटोचं बरोब्बर उलट. ते फ्रिजमध्ये टाकायचे नाहीत, साधारण 12-13 डिग्रीच्या खाली गेले की वास जातो आणि गर रवाळ होतो. इथले टोमॅटो दिसायला काही खास नाहीत, देठाजवळ पिवळट, एखाद्याला चीर गेलेली. मी आपलं बोलून गेले की काका हे कच्चे दिसतायत. काका म्हणाले, "ताई, पारा तिशीच्या वर गेला की लाल रंग नीट धरत नाही, तुम्ही डोळे मिटून वास घ्या." घेतला. देठापाशी तो पानाचा उग्र हिरवा वास असतो ना, हाताला पण लागतो, तो होता. लांबच्या बाजारात पाठवायचा टोमॅटो हिरवट असतानाच तोडतात आणि पुष्कळदा इथिलीन (फळं पिकवणारा वायू) देऊन पिकवतात, तो रंगाला देखणा होतो पण खाताना कळतं. (आमच्या घरात आता चीर गेलेले टोमॅटो सगळ्यात आधी संपतात.)

काकडीने मात्र एकदा दगा दिला. कडू म्हणजे कडूजहर, सगळं कोशिंबिरीचं भांडं फुकट. पुढच्या आठवड्यात जरा तणतणतच गेले, तर त्या दादाने वाद घातला नाही, म्हणाला मधे चार दिवस मोटार बंद होती, वेलाला पाण्याचा ताण बसला, तो तोडा कडूच निघाला, तुमच्याआधी तिघं येऊन गेले. पैसे नको म्हणून नव्या काकड्या पिशवीत टाकल्या आणि वर सांगितलं की देठाकडचं टोक आधी चाखायचं, कडवटपणा तिकडे जास्त असतो. आता एवढं सरळ बोलणाऱ्या माणसावर काय रागावणार.

कलिंगड वाजवून बघणारी मंडळी इथेही आहेत, चेहरा असा करतात जणू तबला लावतायत. मी पण वाजवते, कळत काही नाही. खरं बघायचं ते खालचा डाग, जमिनीला टेकलेला भाग चांगला पिवळा असला पाहिजे, पांढरट असेल तर लवकर तोडलंय. आणि घरी ठेवून पिकेल या आशेवर घेऊ नका, कलिंगड तोडल्यावर पिकत नाही.

आता तक्रार. कोपऱ्यात एक टेबल आहे, सगळ्यात मोठं, फळांवर स्टिकर, खाली कोल्ड स्टोरेजचे ओले खोके. कधी तोडलं विचारलं की "ताजं आहे ताजं", बास. हा सरळसरळ बाहेरून माल आणून विकतो आणि शेतकरी बाजाराच्या बोर्डाखाली बसतो, हे बाजार चालवणाऱ्यांना दिसत नाही असं कसं म्हणायचं? एक स्टार मी यासाठीच कापलाय.

पालेभाजीचं थोडक्यात: आठपर्यंत मस्त, दहानंतर मलूल, त्यावर पाणी शिंपडून किती वेळ ताजी दाखवणार. शेवटी उरलेल्या जुड्या अर्ध्या भावात मिळतात आणि गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवल्या की बऱ्याचशा परत ताठ होतात, तेव्हा उशिरा उठणाऱ्यांनी अगदीच निराश होऊ नये.

सुट्टे पैसे न्या, टोपी न्या, पिशव्या दोन न्या. मी पहिल्यांदा एकच नेली होती आणि टोमॅटोवर कलिंगड ठेवलं, घरी पोचेपर्यंत पिशवीतून रस ठिबकत होता आणि गाडीच्या मॅटला अजून वास येतोय.