‘एका आंघोळीत पिसवा साफ’ म्हणणाऱ्यांपासून जपा

घरी येऊन कुत्र्याला आंघोळ घालणारे काही जण तीन महिन्यांची गॅरंटी देतात. टबात तरंगणाऱ्या मेलेल्या पिसवा दाखवतात, लेबल नसलेल्या बाटलीतलं ‘इंपोर्टेड’ औषध सिरिंजने मानेवर सोडतात, रोख पैसे घेतात. बिल नाही. पंधरवड्यात कुत्रा पुन्हा शेपटीच्या बुडाशी चावायला लागतो. फोन केला की उत्तर ठरलेलं: “तुमच्या घरातच पिसवा आहेत, फवारणी करावी लागेल.” म्हणजे पुन्हा पैसे.

पहिल्या दिवशी टबात दिसतं ते खरंच असतं, म्हणून माणूस फसतो. साबणाच्या पाण्यात पिसू बुडून मरतेच, त्याला खास औषध लागत नाही. पण अंगावर असतात त्या साधारण ५ टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोश गादीत, पायपुसण्यात, सोफ्याच्या फटीत. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते आणि ती केसांवरून घरंगळून खाली पडतात. कोशातल्या पिसूवर तर फवारणीचाही सहसा परिणाम होत नाही. त्यामुळे एका आंघोळीची गॅरंटी कुणी देऊच शकत नाही.

सुट्या बाटलीची भीती जास्त. पिसवांवर वापरलं जाणारं फिप्रोनिल हेच औषध भातावरच्या किडीसाठी ५ टक्के द्रावणात मिळतं आणि ते स्वस्त पडतं. ते कुत्र्यासाठी बनवलेलं नसतं. बाटलीत नेमकं काय, किती, हे कुणालाच माहीत नसतं. काहींत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, आणि घरात मांजर असेल तर ते तिच्या जिवावर बेततं. असं काही लावल्यावर लाळ गळू लागली, अंग थरथरलं, तर भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, चाटू देऊ नका आणि बाटलीचा फोटो घेऊन लगेच डॉक्टर गाठा.

औषध सीलबंद पाकिटातलंच घ्या. त्यावर घटकाचं नाव, टक्केवारी, वजनाचा गट, बॅच नंबर आणि मुदत हवी. फिप्रोनिल स्पॉट-ऑनमध्ये, म्हणजे कातडीवर एका जागी सोडायच्या औषधात, १० किलोपर्यंत ०.६७ मिली, १० ते २० किलोला १.३४, २० ते ४० किलोला २.६८ मिली असे गट असतात. मोठी पिपेट (औषधाची छोटी नळी) दोघा कुत्र्यांत वाटून देणारा दुकानदारही फसवतोच. आधी वजन करा. खांद्यांच्या मधले केस बाजूला करून थेट कातडीवर सोडा. केसांवर पडलं तर वाया. लावण्याच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर आंघोळ नको. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला हे लावू नका.

घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच दिवशी, आपापलं औषध. अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवा, सोफ्याखाली व्हॅक्यूम फिरवा आणि पिशवी लगेच बाहेर टाका. किमान तीन महिने. या काळात नव्या पिसवा दिसतील. जुन्या कोशांतून त्या निघत राहतात, तेवढ्यावरून औषध नकली ठरत नाही.

पिसवा आहेत का, हे स्वतः बघता येतं. अंगातले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग पसरला नाही तर ती माती.

पैसे गेलेच असतील तर बाटली, चॅट आणि पैसे दिल्याचा पुरावा जपून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.