एल्मवर दोन वर्षं काढली, त्याचा रिव्ह्यू

कांदिवलीत आमचं तीन जणांचं ऑफिस आहे, हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्सचं वेब ॲप बनवतो, म्हणजे बिलं, पावत्या, पार्किंग, कोण मालक कोण भाडेकरू हे सगळं. त्याचा फ्रंट-एंड, म्हणजे लोकांना ब्राउजरमध्ये दिसणारा भाग, दोन वर्षांपूर्वी एल्ममध्ये घेतला. इव्हान चॅप्लिकीने २०१२ मध्ये आणलेली ही फंक्शनल प्रोग्रामिंग भाषा (सगळं काम फंक्शन लिहून करायचं), आपण एल्म लिहायचं, त्याचं जावास्क्रिप्ट होतं आणि ब्राउजरमध्ये ते चालतं.

सुरुवात एकदम मस्त होते. मॉडेल म्हणजे ॲपची सगळी माहिती, अपडेट म्हणजे मेसेज आला की ती बदलणारं फंक्शन, व्ह्यू म्हणजे ती पडद्यावर दाखवणारं, बस. रिडक्स ही जावास्क्रिप्टची लायब्ररी वापरलेल्यांना ओळखीचं वाटेल, कारण रिडक्सने यातलं बरंच इथूनच घेतलंय.

खरी मजा ॲप वाढायला लागलं की. मी रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीमधून आलेलो, हाताला सवय की दिसेल त्याचा कॉम्पोनंट, म्हणजे स्वतंत्र तुकडा, करायचा, त्यामुळे पार्किंगच्या साध्या ड्रॉपडाऊनलापण मी वेगळं मॉडेल, वेगळे मेसेज, वेगळं अपडेट दिलं. मग आतला मेसेज बाहेरच्या मेसेजमध्ये गुंडाळा, व्ह्यू आणि कमांड (बाहेरची कामं सांगणाऱ्या सूचना) यांनाही तसंच गुंडाळा, आणि आतल्याला बाहेरच्याला काही सांगायचं असेल तर अजून एक जुगाड, एक चेकबॉक्स टाकायला चार फाईली उघडायच्या राव! त्यात बिलाला फ्लॅट लागतो आणि फ्लॅटला बिल, पण एल्म दोन मॉड्यूलना (कोडच्या वेगळ्या फाईलींना) एकमेकांना इम्पोर्ट करूच देत नाही. महिनाभर भाषेला शिव्या घातल्या. चूक माझीच होती.

चॅप्लिकी स्वतः सांगतो की फाईल लांब झाली म्हणून घाबरू नका, मॉड्यूल काढायचंच तर एखाद्या टाइपभोवती, म्हणजे माहितीच्या एका प्रकाराभोवती, काढा. आम्ही अर्धे कॉम्पोनंट मोडले, ड्रॉपडाऊन झालं एक साधं फंक्शन, आणि मुख्य फाईल दोन हजार ओळींच्या वर गेली तरी कोणाचं काही अडलं नाही.

टाइपचा फायदा कुठे कळला सांगतो. आधी फ्लॅटच्या रेकॉर्डमध्ये 'भाड्याने आहे का' असा हो-नाही कप्पा होता. भाड्याने असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते पैसे, ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर लावता येत नाहीत. पण मालकाचा मुलगा राहत असेल तर लागतच नाहीत, आणि आमचं बिल त्याच्याकडूनही पैसे मागत होतं. दादरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी फोनवर माझी जी काढली ना! मग तो कप्पा काढून कस्टम टाइप, म्हणजे आपण ठरवलेल्या पर्यायांचा प्रकार, केला: मालक, घरचा माणूस, भाडेकरू, आणि कराराची तारीख फक्त भाडेकरूलाच. नवा प्रकार टाकल्या टाकल्या कंपायलरने (कोड तपासून जावास्क्रिप्ट बनवणाऱ्या प्रोग्रामने) जिथे जिथे विचार केला नव्हता त्या सगळ्या जागा दाखवल्या, एकूण अकरा. चार्जेसचा हिशोब आता त्याच मॉड्यूलमध्ये, टाइपच्या आतलं बाहेर दिसतच नाही, त्यामुळे दुसरं कोणी परस्पर गणित करू शकत नाही.

एरर मेसेज तर प्रेमाने समजावून सांगितल्यासारखे, आमचा इंटर्न त्यावरच शिकला.

आता त्रास. पेमेंटचं जावास्क्रिप्ट पोर्टमधून, म्हणजे एल्म आणि जावास्क्रिप्टमधल्या निरोपांच्या खिडकीतून, जोडावं लागतं, तिकडे निरोप पाठवा आणि उत्तराची वाट बघा. सर्व्हरकडून आलेल्या प्रत्येक जेसनला (माहिती पाठवायचा मजकुराचा साचा) डिकोडर, म्हणजे ते तपासून एल्मच्या टाइपमध्ये बदलणारा कोड, लिहा, वैताग येतो. मराठी तारखा दाखवायचं फंक्शनपण आपणच लिहायचं. आम्ही अजून एल्मच्या ०.१९.१ आवृत्तीवर आहोत, जे २०१९ चं आहे. काहींना याची धास्ती वाटते, मला तर दर महिन्याला अपग्रेड नाही याचं सुखच आहे. पण माणसं मिळत नाहीत, इंटरव्ह्यूला आलेला प्रत्येक जण आधी विचारतो, 'हे रिॲक्टमध्ये नाहीये का?'

पाचपैकी चार. एक स्टार डिकोडरने खाल्ला. काकांचा फोन अजून येतो, पण आता पार्किंगवरून.