मालवणच्या भरडावरील तिबेटी किराणा दुकान

गोंदिया जिल्ह्यातील नोर्ग्येलिंग या १९७२ पासूनच्या तिबेटी निर्वासित वसाहतीतील एका कुटुंबाने भरड भागात छोटे किराणा दुकान थाटले आहे. या समाजातील अनेक कुटुंबे हिवाळ्यात गावोगावी स्वेटर विकतात. कोकणात थंडीच बेताची, म्हणून यांनी खाद्यपदार्थांकडे मोर्चा वळवला आणि गिऱ्हाईकही नेमके हेरले: मच्छीमारी बोटींवरचे नेपाळी खलाशी आणि हापूसच्या बागा राखणारे नेपाळी राखणदार.

भाजलेल्या सातूचे पीठ म्हणजे त्साम्पा, चघळत बसावी अशी टणक छुर्पी, म्हणजे दुधाचे वाळवलेले चीज, आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचा गुंद्रुक आणि थुक्पा या शेवयांच्या सूपसाठी लागणाऱ्या शेवया येथे मिळतात. पीठ ताजे होते. खारी, दमट हवा लक्षात घेऊन माल थोडाथोडा मागवला जातो, हे मला विशेष आवडले.

मालवणी माणसाने मात्र आधी टिमुर हा नेपाळी मसाला मागावा. मालकीणबाईंनी चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि चावायला सांगितले. क्षणात जिभेला मुंग्या आल्या. आपले तिरफळ आणि हा टिमुर एकाच वनस्पती-वंशातले, पण वेगवेगळ्या जातींचे असून दोन्हींची टरफलेच वापरतात, आतली काळी बी टाकून देतात. येथील टिमुर बी काढून नीट निवडलेला होता. बांगड्याच्या तिखल्यात तो घालून पाहिला, पण त्याचा वास लिंबाकडे झुकतो आणि तिरफळाचा उग्र ठसका त्याला नाही. उकडलेल्या बटाट्यांना तीळकूट, लिंबू आणि मिरचीबरोबर लावला तेव्हा मात्र घरातल्या सर्वांनी पुन्हा मागून घेतले.

मालकीणबाईंचा मुलगा वैदर्भी वळणाची, ‘हो जी’ म्हणणारी गोड मराठी बोलतो आणि प्रत्येक जिन्नस कसा शिजवायचा ते न कंटाळता सांगतो. पाकिटांवर मात्र मराठीत एक अक्षरही नाही, आणि सुट्या मालावर तारीख नाही. या दोन्ही गोष्टी तातडीने सुधारायला हव्यात, कारण आंब्याचा हंगाम संपला की राखणदार परततात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्याने खलाशीही गावी जातात, आणि ते दोन महिने दुकानाला आपल्यासारख्या स्थानिक गिऱ्हाइकांवरच काढावे लागणार आहेत. पावसाळ्यात गरम थुक्पा करायचा असेल, तर शेवयांबरोबर टिमुरही घ्यावा.