शिलेदार की बारगीर? घोडा विकत घ्यावा की लीजवर

मावसभावाची मुलगी बारा वर्षांची आहे. दोन वर्षं झाली, आठवड्यातून दोनदा क्लबात जाऊन घोड्यावर बसते. दुडकीत आता पाठ आदळत नाही, कँटरची, म्हणजे दुडकीहून वेगाच्या चालीची, भीती गेली आहे, आणि घरात एकच धोशा लावलाय : आपला स्वतःचा घोडा हवा. मावसभावाने मला फोन केला, कारण मी दोन्ही उद्योग करून बसलोय. आधी पावणेदोन वर्षं एक घोडा अर्ध्या लीजवर होता, आणि गेली सहा वर्षं स्वतःची घोडी सांभाळतोय. त्याने पहिल्याच वाक्यात विचारलं, "घोडा केवढ्याला पडतो?" विचारायला हरकत नाही, पण तो प्रश्न यादीत बराच खाली येतो.

आपल्या मुलखात ही निवड जुनीच आहे. शिवकालीन घोडदळात स्वार दोन तऱ्हेचे असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे; शिलेदार दोन्ही स्वतःचं घेऊन येई. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे पाणी पाहायला एक पखालजी आणि नाल पाहायला एक नालबंद. म्हणजे बारगिराने स्वारी करायची, नालेची काळजी पागेने वाहायची. शिलेदाराचं सारं भांडवल त्याच्या मांडीखाली. घोडा पडला की रोजीच पडली. आजही फरक नेमका एवढाच आहे. आणि बारगीर म्हणजे कमअस्सल, असं वाटत असेल तर टोकियो ऑलिंपिक आठवा. २०२१मध्ये तिथे उतरलेला भारताचा एकमेव घोडेस्वार फवाद मिर्झा ज्या सेनिऑर मेडिकॉटवर बसला होता, तो घोडा त्याच्या मालकीचा नव्हता.

लीज म्हणजे नक्की काय

आपल्याकडे लीजचा ठरलेला नमुना नाही, त्यामुळे प्रत्येक तबेल्यात या शब्दाचा अर्थ थोडा वेगळा निघतो. ढोबळमानाने दोन प्रकार. पूर्ण लीजमध्ये घोडा सर्वस्वी तुमच्याकडे असतो. चंदी (दाणा), चारा, नाल, डॉक्टर, साईस (घोड्याची निगा राखणारा नोकर) सगळं तुम्ही बघायचं, कागदावर मालक मात्र दुसरा. अर्ध्या लीजमध्ये घोडा आहे त्याच तबेल्यात राहतो, तुम्ही आठवड्याचे ठरलेले तीन दिवस बसता आणि खर्चाचा साधारण निम्मा भाग उचलता.

पूर्ण लीजबद्दल माझं मत फारसं बरं नाही. तिच्यात वाचते ती फक्त खरेदीची रक्कम, आणि ती रक्कम किती लहान असते हे खालच्या हिशेबात दिसेल. त्यामुळे खरी तुलना अर्धी लीज आणि खरेदी यांचीच.

हिशेब

हे आकडे समजुतीपुरते धरा, तुमच्या गावचे आकडे घालून पुन्हा करा. समजा, घोडा दोन लाखांना आला. तबेल्याचं भाडं, खाणं, साईस, नाल, औषधं मिळून महिना १८ हजार. आठ वर्षं ठेवला तर सांभाळायचा खर्च होतो १७ लाख २८ हजार. म्हणजे घोड्याची किंमत एकूण खर्चाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी. "केवढ्याला पडतो" हा प्रश्न खाली का सरकवला, ते यावरून कळेल. दोन लाखांचे दीड लाख करण्यासाठी बाजारात दोन दिवस घासाघीस करणारे लोक महिन्याचा खर्च कधी मांडतच नाहीत.

आता हेच दर स्वारीला किती पडतं ते बघा. खरेदीची रक्कम आठ वर्षांवर पसरून महिन्याच्या १८ हजारांत मिळवली तर महिना सुमारे २० हजार. महिन्यात २६ दिवस बसलात तर एक स्वारी पडते ७७२ रुपयांना. अर्धी लीज महिना १० हजार धरली आणि १३ दिवस बसलात, तर एक स्वारी ७६९ रुपयांना. जवळपास सारखंच! पण घोडा स्वतःचा असून आठवड्यातून तीनच दिवस जमलं, तर तीच स्वारी दीड हजारांच्या वर जाते. आणि दोनच दिवस जमत असेल तर लीजसुद्धा नको. क्लबाच्या घोड्यांवर बसा, चार वेगवेगळे घोडे हाताखालून जातील ते शिकायला बरंच.

म्हणून मावसभावाला मी उलटा प्रश्न विचारला : आठवड्यातले किती दिवस? मनातले नकोत. मागच्या जुलैत, पावसात, शाळेच्या चाचणीच्या आठवड्यात ती प्रत्यक्ष किती वेळा गेली, ते सांग. तो गप्प झाला.

दिवसांचा मुद्दा नुसता पैशांचा नाही. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, या कोड्याचं उत्तर आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ असतं. थानावर बांधून ठेवलेल्या घोड्याचे पाय सुजतात, तो लाकूड चावायला लागतो, जागच्या जागी डुलायला लागतो, आणि रविवारी तुम्ही पाठीवर बसलात की सहा दिवसांचा हिशेब एकदम चुकता करतो.

त्यात ही मुलगी बारा वर्षांची. तीन वर्षांनी दहावी, मग बारावी, मग कुठल्यातरी गावी हॉस्टेल. आज तिच्या मापाचा तट्टू घेतला तर दहावीपर्यंत तिचे पाय त्याच्या पोटाखाली लोंबतील. आणि घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो, नीट ठेवला तर त्याहून जास्त. सात वर्षांचा घोडा घेतला तर ती डिग्री घेऊन येईल तेव्हा तो सोळा-सतराचा असेल. गिऱ्हाईक मिळायचं वय उलटलेलं, आणि खाणं मात्र तेवढंच. चारशे किलोच्या घोड्याला रोज आठ-दहा किलो चारा-दाणा आणि पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं, त्याच्यावर कोणी बसो वा न बसो.

घोडा लंगडला की

दोन्ही बाजू मला खऱ्या समजल्या त्या घोडी चालेनाशी झाली तेव्हा. घेतल्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी ती तीन पायांवर उभी होती. मला वाटलं हाड मोडलं. निघालं खुराच्या तळव्यात झालेलं गळू. डॉक्टरांनी तळवा कोरून पू काढला, मग रोज दोनदा मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून धरायचा आणि पोटीस बांधायचं. तीन आठवडे गेले. चौथ्या वर्षी पुढच्या पायाची शीर दुखावली आणि नऊ महिने खोगीर खुंटीलाच राहिलं. एकाही महिन्याचा खर्च चुकला नाही. आधी हाताने चालवणं दहा मिनिटं, मग वीस, मग तीस. लीजवर असतो तर महिन्याची नोटीस देऊन सुटलो असतो.

लीजमध्ये तुम्ही पैसे भरता ते या सुटकेचे. पण ते दार दोन्ही बाजूंनी उघडतं, हे मला लीजच्या पावणेदोन वर्षांनंतर कळलं. माझ्याकडचा घोडा शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात), कुमैत रंगाचा, खच्ची केलेला. माझ्याकडे आला तेव्हा त्याला फक्त धावायचं ठाऊक होतं. थांबायला, गोल फिरायला, लगाम सैल सोडला तरी शांत चालायला शिकवण्यात आमचं दीड वर्ष गेलं, आणि तो शिकला म्हणूनच त्याला गिऱ्हाईक आलं. मालकाने रीतसर महिन्याची नोटीस दिली. त्याची काही चूक नव्हती, घोडा त्याचा. मी त्या महिन्यात रोज गेलो, माझे दिवस नव्हते तेव्हासुद्धा.

शिवाय उरलेले तीन दिवस दुसरं कोणी बसतं. तो लगाम ओढत असेल तर रविवारी बिघडलेलं तोंड तुम्ही सोमवार-मंगळवारी सुधारायचं आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. स्वतःच्या घोडीचं हे एक सुख मोठं आहे : जे बिघडलं ते मीच बिघडवलेलं.

विकतच घ्यायचा तर

महाराष्ट्रात घोड्यांचा सर्वांत गाजलेला बाजार सारंगखेड्याचा, नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत दत्तजयंतीला भरतो. दिवाळीच्या सुमारास अकलूजला भरतो, मार्गशीर्षात नांदेडजवळच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही. सारंगखेड्याला एकदा जाच, पण पहिल्या वर्षी पैसे न नेता जा. कानांची टोकं एकमेकांना टेकणारे मारवाडी आणि काठियावाडी, रेवाल चालीत मालकाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळू न देणारे घोडे पाहून भल्याभल्यांचा विवेक सुटतो. लक्षात घ्या, तिथले बरेच घोडे खच्ची न केलेले असतात. असा घोडा बारा वर्षांच्या पोरीला घेऊन देणं म्हणजे तिला न शिकवता ट्रक चालवायला देणं. आणि रेवालीवर, तोंडात काटेरी लोखंड घालून तयार केलेला घोडा क्लबातल्या उड्यांच्या कामाला लगेच येत नाही. त्याची भाषाच वेगळी असते.

बाजारात किंमत ठरते त्यात अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचा वाटा मोठा. गळ्याशी देवमण हा शुभ भोवरा असेल, चारही पाय आणि तोंड पांढरं म्हणजे पंचकल्याणी असेल, तर भाव चढतो. अशुभ जागी भोवरा निघाला की उतरतो. माझी घोडी अशाच एका बदनाम भोवऱ्यामुळे मला परवडली. तिच्या पायांना आणि फुप्फुसांना त्या भोवऱ्याची काही खबर नाही. पण उद्या विकायची वेळ आली तर समोरचाही तोच भोवरा मोजणार, हेही मला ठाऊक आहे.

दात स्वतः बघायला शिका. साधारण अडीच वर्षांचा असताना मधली जोडी बदलते, साडेतीनला शेजारची, साडेचारला कडेची. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण. त्यापुढचं वय दातांच्या झिजेवरून सांगतात आणि तिथे व्यापारी उदार होतात. घोडा कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकीत पळवून बघा, लगाम ढिला ठेवून. मान प्रत्येक पावलाला खाली-वर झाली तर पुढचा पाय दुखतोय. वेदनाशामक देऊन आणलेला लंगडा घोडा दोन दिवस छान चालतो, म्हणून आठवड्याने न सांगता पुन्हा बघायला जा. घोड्यांचं काम करणारा डॉक्टर सोबत हवा. गाईम्हशींचा डॉक्टर कितीही चांगला असला तरी त्याचा हात या कामाला बसलेला नसतो. ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घ्यायला लाजू नका. हा रोग माणसालाही होतो, आणि घोड्यात निघाला तर कायद्याने त्याला मारावं लागतं.

शर्यतीतून उतरलेले थरोब्रेड कधीकधी नाममात्र किमतीत मिळतात. माझा पूर्वीचा अनुभव गोड असला तरी नवख्याला मी तो रस्ता सांगणार नाही. पाच-सहा वर्षांचा, ताकदीचा, घाबरट, आणि शिरांवर आधीच ताण घेतलेला.

शेतावर ठेवू म्हणणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. घोडा कळपाचं जनावर आहे, एकटा ठेवलात तर झुरतो. आणि गोठ्यातली पेंड त्याला सरसकट घालू नका. काही पशुखाद्यात मोनेन्सिन असतं, ते गाईला चालतं, घोड्याचा जीव घेतं.

राहिला साईस. घोडा मिळतो, खरारा मनापासून करणारा माणूस मिळत नाही. तो सणाला गावी गेला की लीदही तुम्हीच उचलायची. लीजवाल्याला हे दृश्य दिसतच नाही.

लीजच्या कागदावर

दोस्तीत ठरलं तरी लिहून घ्या. दिवस कुठले आणि पावसाने बुडाले तर पुढे काय. उड्या किती उंचीपर्यंत. स्पर्धेला नेता येईल का. नाल साधारण सहा आठवड्यांनी बदलतात, त्याचे पैसे कोणाचे. घोडा लंगडला तर किती दिवसांनी भाडं थांबतं. सर्वांत महत्त्वाचं पोटशूळाचं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात अडकलं की वेळ फार कमी असतो. रात्री दोनला मालक फोन उचलत नसेल तर डॉक्टरला बोलावायचा आणि खर्चाला होकार द्यायचा अधिकार कोणाला, हे आधीच ठरलेलं हवं. घोडा तुमच्या दिवशी मेला तर जबाबदारी कोणाची, हे विचारताना अवघडल्यासारखं होतं. तरी विचारा.

मावसभावाला शेवटी सांगितलं ते असं : अर्धी लीज, वर्षभराची, आणि सुरुवात जूनमध्ये. डिसेंबरच्या गुलाबी थंडीत सुरुवात केली तर सगळेच अश्वारोही असतात. चिखल, डास-गोमाश्या, ओलं खोगीर आणि बुरशी लागलेले खूर, यांतून ती ऑक्टोबरपर्यंत टिकली आणि तरी रोज जायचं म्हणत असेल, तर दत्तजयंतीला आपण तिघं सारंगखेड्याला जाऊ. मोठ्यांपैकी कोणाला स्वतःला रोज पहाटे तबेल्यात जायचं असेल, हॉस्टेल नाही, दहावी नाही, तर गोष्ट वेगळी. अशा माणसाने लीजच्या भानगडीत वर्ष घालवू नये.

आणि कागदावर एक ओळ जास्तीची घालायला सांगितली : घोडा विकायचा झाला तर आधी आम्हाला विचारायचं, त्याच किमतीत. तो म्हणाला, एवढं कशाला, घोडा काही आपण घेणार नाही. मी म्हटलं, तरी लिही.