मोल्डिंग मशीनवरचा टेक-आउट रोबो: एक आंब्याचा सीझन आणि एक पावसाळा काढल्यावर

आमचं युनिट रत्नागिरीत, मिरजोळे एमआयडीसीत. बाबांनी सुरू केलेलं, आता मी बघते. इंजेक्शन मोल्डिंगची, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात (आम्ही त्याला डाय म्हणतो) भरून वस्तू काढणारी, दोन मशीन आहेत. टन म्हणजे डाय मिटून धरण्याचा जोर. १५० टनाच्या मशीनवर अर्ध्या लिटरचा पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा) डबा निघतो, ८० टनाच्या मशीनवर त्याचं झाकण. लोणचं, आंबावडी, फणसगरे, कोकमाची आमसुलं भरणारे गृहोद्योग आणि बचत गट हे आमचं गिऱ्हाईक.

गेल्या जानेवारीत १५० टनाच्या मशीनवर तीन अक्षांचा (तीन दिशांनी सरकणारा), सर्वो मोटरवर चालणारा टेक-आउट रोबो बसवला. डाय उघडली की हा हात वरून आत उतरतो, व्हॅक्यूमच्या कपांनी दोन्ही डबे धरतो, बाहेर आणतो आणि बाजूच्या पट्ट्यावर उपडे ठेवतो. आता नोव्हेंबर संपत आला. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि जुलैत लिहिलं असतं तर नुसती तक्रार. म्हणून थांबले. मेकचं (कंपनीचं) नाव मुद्दाम देत नाही. कारण जे अनुभव आले ते बहुतेक या जातीच्या कुठल्याही यंत्राला लागू आहेत, आणि काही तर यंत्राचे नाहीतच, आमच्या हवेचे आहेत.

रोबो घ्यायचा विचार माणसांच्या अडचणीतून सुरू झाला. कोकणात कारखाना चालवणाऱ्याला कॅलेंडर वेगळं वाचावं लागतं. शिमग्याला पालखी गावात आली की कोणाला अडवायचं नाही, आणि अडवूही नये. एप्रिल-मे हापूसची तोड आणि पेट्या भरणं. तिथे दिवसाची मजुरी जास्त, वर ओळखीच्या बागायतदाराचा शब्द. जून-जुलैत लावणी. मग गणपती. आमच्या डब्यांना सगळ्यात जास्त मागणी नेमकी मे महिन्यात आणि मशीनपुढे माणूस नेमका तेव्हाच नाही, हे दरवर्षीचं.

पण खरं दुखणं दुसरंच होतं, आणि ते मला रोबो आल्यावर कळलं. आमचं झाकण कधी घट्ट बसायचं, कधी सैल. एका लोणच्याच्या गिऱ्हाइकाने पेटीच परत पाठवली होती. तेल झिरपून लेबलं सगळी पिवळी. आम्ही झाकणाची डाय तपासली, डब्याची तपासली, मटेरियलची बॅच बदलून पाहिली. काही सापडेना.

कारण दरवाजात होतं. मशीन सेमी-ऑटो चालायचं. शॉट (डायमध्ये एकदा प्लास्टिक भरणं) झाला, डाय उघडली, इजेक्टरने डबे पुढे ढकलले, की हेल्परने दरवाजा सरकवायचा, हात घालून दोन डबे काढायचे, दरवाजा लावायचा, मग पुढचा शॉट. कोणी चार सेकंदात करतं, कोणी दहा. चहा झाल्यावर हात भरभर चालतो, दुपारी तीनला मंदावतो. मध्येच फोन येतो. जितका वेळ डाय उघडी, तितकी ती गार पडते, आणि तितका वेळ बॅरलमधलं (प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीतलं) मटेरियल आतच तापत राहतं. पीपी थंड होताना एक ते अडीच टक्के आकसतं, आणि किती आकसणार हे डायच्या तापमानावर फार अवलंबून असतं. डाय गार असली की आकसणं कमी. आमच्या डब्याचं तोंड ११० मिलिमीटरचं. आकुंचनात ०.२ टक्क्यांचा फरक पडला तरी व्यास ०.२२ मिलिमीटरने बदलतो, आणि कचकन बसणाऱ्या झाकणाला एवढा फरक पुरेसा होतो. आम्ही शोधत होतो डायमधला दोष, आणि दोष होता दोन शॉटमधल्या वेळात.

रोबो बसल्यापासून प्रत्येक शॉट २० सेकंदांचा. सकाळी २०, रात्री २०. आधी सरासरी २६ सेकंद पडायचे, म्हणजे तासाला १३८ शॉट, २७६ डबे. आता १८० शॉट, ३६० डबे. हा आकडा सगळे विचारतात म्हणून दिला. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की मार्चनंतर झाकण नीट बसत नाही म्हणून एकही पेटी परत आलेली नाही. आम्ही रोज दहा डबे बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी कॅलिपरने मोजतो (पीपी निघाल्यावरही दिवसभर थोडं थोडं आकसत राहतं, गरम डबा मोजण्यात अर्थ नाही). पूर्वी वहीत आकडे वरखाली नाचायचे, आता ओळीने एकसारखे दिसतात. कोणी "रोबो कशाला, माणसं वाचवायला का?" असं विचारलं की मी ती वही पुढे करते.

बसवणं मात्र सोपं नव्हतं. आमची शेड उतरत्या छपराची, एका बाजूला जेमतेम चौदा फूट. रोबोचा पाया मशीनच्या स्थिर प्लेटनवर (डायचा न हलणारा अर्धा भाग जिच्यावर असतो त्या जाड प्लेटवर) बसतो, आणि उभा हात वर आला की मशीनच्या माथ्यावर बराच उंच जातो. कोटेशनमध्ये उंची लिहिलेली होती. आम्ही ती मशीनच्या जागी मोजली, पण हात आडवा जाऊन जिथे डबे ठेवतो त्या जागी मोजली नाही. तिथे छपराची कैची आडवी आली. शेवटी पट्टा दुसऱ्या बाजूला घ्यावा लागला. कमी उंचीच्या शेडसाठी दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा दोन टप्प्यांचा हात मिळतो, थोडा महाग असतो. कोकणातल्या जुन्या शेडमध्ये तोच घ्या. डाय चढवायचा चेन ब्लॉक कुठून जातो तेही आधीच बघा, नाहीतर दर डाय बदलाला रोबो सरकवत बसावं लागेल.

दुसरी गोष्ट जोडणीची. नव्या मशीनना रोबोसाठी युरोमॅप ६७ नावाच्या ठरलेल्या मापाचं सॉकेट असतं. प्लग लावला की दोघं एकमेकांशी बोलायला लागतात. आमचं मशीन जुनं. डाय पूर्ण उघडली, इजेक्टर पुढे आला, रोबो बाहेर आला, आता डाय बंद करायला हरकत नाही, हे सगळे सिग्नल रिले टाकून वेगळे काढावे लागले. त्यात दोन दिवस गेले. त्या वेळी "दरवाजाचा स्विच सध्या बायपास करू, काम लवकर होईल" अशी सूचना आली. मी नाही म्हटलं, आणि अजूनही तेच म्हणेन. हात आत आणि डाय बंद, या दोन गोष्टी एका वेळी कधीही होऊ नयेत याचीच ती सगळी वायरिंग आहे. पट्ट्याच्या बाजूला जाळीचं कुंपणही आम्ही पहिल्याच आठवड्यात केलं, कारण हा हात कोणाची वाट बघत नाही.

कपांबद्दल. आम्ही डब्याच्या तळाला दोन कप लावले, प्रत्येकी ३० मिलिमीटरचे. ६० किलोपास्कलचा व्हॅक्यूम धरला तर अशा एका कपाला साधारण सव्वाचार किलोचा जोर मिळतो. आमचा डबा ३० ग्रॅमचाही नाही. म्हणजे वजनाचा प्रश्नच नाही. प्रश्न असतो तो गरम, पातळ तळ ओढला जाऊन वाकण्याचा आणि कप सुटण्याचा. नायट्राइलचे कप गरम डब्यांवर दीड महिन्यात कडक झाले. सिलिकॉनचे टिकले, पण कडेने फाटतात; दर दहा-बारा आठवड्यांनी बदलतो. ज्यांना तळावर छपाई करायची आहे त्यांनी सिलिकॉन जपून वापरावं, त्याचा पुसट डाग राहतो आणि शाई धरत नाही. आमचं लेबल बाजूला असल्यामुळे अडचण आली नाही.

सुरुवातीला हौसेने रोबोला डबे एकात एक रचायला लावले. दिसायला फार सुंदर. पण गरम डबे एकमेकांत बसून तोंडं लांबट झाली, दोन दिवसांचा माल ग्राइंडरला गेला. आता पट्ट्यावर सुटे ठेवतो आणि पट्टा इतका सावकाश चालतो की शेवटापर्यंत डबा हाताला कोमट लागतो.

आणि मग पाऊस.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्या पावसाचं पाणी रोबोच्या पोटात कसं जातं, हे मला माहीत नव्हतं. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, ती दाबली जाते, टाकीत थंड होते आणि तिच्यातलं पाणी सुटतं. उन्हाळ्यात टाकीचा कॉक दिवसातून एकदा उघडला तरी चालतं. जून उजाडला आणि कॉक उघडला की नळासारखं पाणी. ते पाणी, कॉम्प्रेसरचं थोडं तेल आणि पाइपातला गंज यांचा दुधाळ चिखल होऊन व्हॅक्यूम तयार करणाऱ्या बारीक नोझलमध्ये आणि त्याच्या सायलेन्सरमध्ये बसला. व्हॅक्यूम ७० किलोपास्कलवरून ४५ वर आला. आमची मर्यादा ५० वर लावलेली, त्यामुळे रोबोने अलार्म देऊन मशीन थांबवलं. तासाला दहा-बारा वेळा. चिडून कोणीतरी मर्यादा ३५ वर आणली, आणि त्याच रात्री एक डबा डायमध्येच सुटला. डायची लो-प्रेशर सेटिंग (मध्ये काही अडकलं तर डाय जोराने मिटू न देणारी) नीट होती म्हणून ती वाचली, पुढे आलेला डबा नुसता चेपला. अलार्म त्रास देतो म्हणून त्याची मर्यादा उतरवायची नाही, एवढं तेव्हापासून भिंतीवर लिहून ठेवलं आहे.

उपाय महाग होता पण साधा होता. कॉम्प्रेसरनंतर रेफ्रिजरेशन एअर ड्रायर बसवला, जो हवा तीन अंशांच्या दवबिंदूपर्यंत (म्हणजे तीन अंशांपर्यंत थंड झाली तरी तिच्यातून पाणी सुटणार नाही इतकी) कोरडी करतो, टाकीला ऑटो-ड्रेन लावला आणि रोबोच्या तोंडाशी वेगळा फिल्टर. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून व्हॅक्यूम ६८च्या खाली आलेला नाही. रोबो विकणाऱ्याने कोटेशनमध्ये "स्वच्छ, कोरडी हवा, ५ बार" असं एका ओळीत लिहिलं होतं. किनाऱ्यावरच्या माणसाला त्या एका ओळीची किंमत पाऊण लाखाच्या आसपास पडते, हे त्याने तोंडाने सांगायला हवं होतं. माझी त्याच्यावर एवढी एकच नाराजी आहे.

डाय घामेजणं हा दुसरा प्रकार. पावसाळ्यात बाहेर २७-२८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली की दवबिंदू २५-२६ अंशांवर असतो. चिलरचं (डाय थंड ठेवणारं) पाणी १२ अंशांवर ठेवलं की डायच्या तोंडावर दव धरतं, डब्यावर पाण्याचे ओघळ उठतात, आणि ओल्या तळावर कप घसरतो. आम्ही पाणी १८ वर आणलं. सायकल (एका शॉटचा पूर्ण वेळ) तेवढे दिवस अर्ध्या सेकंदाने वाढली, पण ओघळ गेले. मशीन थांबलं, वीज गेली, की पहिलं काम चिलरचं पाणी बंद करणं आणि डायला गंजरोधक स्प्रे मारणं. इथेही रोबोचा फायदा झाला: डाय उघडी राहण्याचा वेळ कमी आणि सारखा, त्यामुळे चालू मशीनवर दव धरायला सवडच मिळत नाही.

खारी हवा रेल्सना लागते. आडव्या बीमवरच्या रेलवर ऑगस्टमध्ये तांबूस ठिपके दिसले. कंपनीच्या पुस्तकात ग्रीसिंग तीन महिन्यांनी सांगितलं आहे, आम्ही दर पंधरा दिवसांनी पुसून हलकं ग्रीस लावतो. कंट्रोल पॅनेलमध्ये केबल जिथून आत जाते ती भोकं पक्की बंद करा. आमच्याकडे एक पाल आत शिरून टर्मिनलवर मेली आणि अर्धा दिवस गेला. आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवतो, गुलाबी पडल्या की भाजून परत.

विजेचं म्हणाल तर सर्वोला ब्रेक असतो, वीज गेली तरी हात खाली कोसळत नाही. पण वीज आल्यावर हात डायच्या आत आहे की बाहेर हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय काहीही सुरू करायचं नाही. सप्टेंबरमध्ये डाय बदलल्यावर आमच्या ऑपरेटर दादांनी डाय उघडायचं अंतर कमी ठेवलं, रोबोचा प्रोग्राम जुनाच राहिला, आणि कपांची फ्रेम डायवर आपटून वाकली. चूक त्यांची नव्हती, दोन आकडे एकत्र बदलायचे असतात हे आम्ही कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं. इंजिनीअर पुण्याहून येणार होता, आंबा घाटात दरड आली म्हणून एक दिवस उशीर. तोपर्यंत गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने ॲल्युमिनियमची फ्रेम करून दिली. तीच अजून चालू आहे, मूळची दुरुस्त होऊन कपाटात पडून आहे. सुटे कप, एक व्हॅक्यूम नोझल, एक प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि एक जादा फ्रेम जवळ असल्याशिवाय घाटाच्या या बाजूला हे यंत्र घेऊ नये.

माणसांचं काय झालं, हे विचारणारे असतात आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. मशीनपुढे पाळीला एक हेल्पर असायची, दोन पाळ्यांच्या दोघी. दोघी अजून आमच्याकडेच आहेत, डबे तपासणं, झाकण लावून बघणं आणि पॅकिंग ही कामं करतात. वाढलेला माल तपासायला त्या लागतातच. त्यातल्या मावशी, बारा वर्षं दरवाज्यापुढे उभ्या राहिलेल्या, एप्रिलमध्ये मला म्हणाल्या, "ताई, आता हात पोळत नाय बघा." बारा वर्षांत त्यांनी हात पोळतो असं कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आम्हाला रोबो, पट्टा, बसवणी आणि १८ टक्के जीएसटी धरून साडेसहा लाखांच्या आत पडलं, ड्रायर वेगळा. रोज डाय बदलणाऱ्या, दोन-दोन हजार पीसच्या ऑर्डरी करणाऱ्या युनिटने एवढा खर्च करू नये. दर वेळी नवी फ्रेम आणि नवा प्रोग्राम यातच दिवस जाईल. ज्यांना फक्त रनर (वस्तूसोबत निघणारा वाया प्लास्टिकचा तुकडा) उचलून बाजूला टाकायचा आहे आणि पीस खाली पडला तरी चालतो, त्यांना हवेवर चालणारा साधा स्प्रू पिकर बराच स्वस्तात पडतो. एकच वस्तू महिनोन्‌महिने काढणाऱ्याने, आणि जिची दुसऱ्या वस्तूशी जोडी जमवायची असते अशी वस्तू काढणाऱ्याने, जरूर घ्यावा.

झाकणाच्या ८० टनाच्या मशीनसाठी आम्ही दुसरा बघतोय, दोन टप्प्यांच्या हाताचा. या वेळी कोटेशन मागवायच्या आधी शेडची उंची तीन जागी मोजून घेतली आहे. शिमग्याच्या आत बसवायचा विचार आहे.