नागपुरात आई-बाबांची सोय: वृद्धाश्रम, केअर सेंटर की घरी ब्युरोची बाई?

खुब्याचं ऑपरेशन होतं, रामदासपेठेतल्या हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळतो आणि डॉक्टर जाता जाता सांगतात, ‘आता यांना एकटं ठेवू नका.’ मुलगा हिंजवडीत, मुलगी टेक्सासला, रजा मोजकी. तेवढ्यात तीनपैकी एक ठरवायचं असतं: वृद्धाश्रम, चोवीस तास शुश्रूषा देणारं केअर सेंटर, नाहीतर आपलंच घर आणि ब्युरोची, म्हणजे घरी देखभालीला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची, बाई.

टेक्सासची मुलगी तिथल्या नर्सिंग होमची प्रतवारी सरकारी संकेतस्थळावर बघू शकते. तपासणीचे निकाल, कर्मचाऱ्यांचं प्रमाण आणि रहिवाशांच्या प्रकृतीच्या नोंदी यांवरून अमेरिकेचं केंद्र सरकार २००८ पासून एक ते पाच तारे देतं. आपल्याकडे तशी यादी नाही, आणि गूगलवरचे तारे बरेचदा बगिचा आणि गणपतीची मूर्ती बघून दिलेले असतात. त्यामुळे इथे इन्स्पेक्टर आपणच.

आधी कागद. जिथे आजारी किंवा दुबळ्या माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा दिली जाते, ती जागा १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमात येते. शहरात ही नोंदणी महापालिकेकडे होते. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणंही बंधनकारक केलं. म्हणजे नाकात नळी असलेले पेशंट घेणाऱ्या केअर सेंटरकडे नोंदणीचं प्रमाणपत्र मागायचा आपल्याला हक्क आहे. ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर आलं तर मी तिथूनच परत फिरेन.

वृद्धाश्रमाचं तसं नाही. बहुतेक आश्रम सार्वजनिक न्यासाचे, नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे. ती नोंदणी हिशेबाबद्दल बोलते, बाथरूमबद्दल नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याला किमान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा आश्रम सरकारने उभारावा, असं कलम आहे. पण खासगी आश्रमात रात्री किती माणसं हवीत, यावर तो कायदा गप्प आहे. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात आश्रम आणि घरी सेवा देणाऱ्या एजन्सी या दोघांनाही नोंदणी आणि किमान दर्जाचे निकष लावायचं होतं. ते मंजूर झालंच नाही.

आणि ब्युरो? बाईचं आधार कार्ड, पोलीस पडताळणी आणि ब्युरोवाल्याचा शब्द. एवढाच कागद. घर आपलं असतं म्हणून हा पर्याय सगळ्यांत सुरक्षित वाटतो. कागदावर तो सगळ्यांत उघडा आहे.

इमारतीचा मात्र एक कागद आश्रम आणि केअर सेंटर, दोन्ही ठिकाणी मागा. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. आश्रम बंगल्यात थाटलेला असेल तर हे नाव ऐकून चेहरे बघण्यासारखे होतात. तिथे निदान एवढं बघा, की मागचं दार रात्री कुलूपबंद असतं का, आणि किल्ली कोणाच्या कमरेला असते.

आता खरा फरक जिथे पडतो ती गोष्ट: रात्र. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाशी आणि टाचांना जखमा होतात. म्हणजे बारा, दोन, चार, सहा. आता हिशेब करा. घरी ‘चोवीस तासांची’ बाई ठेवली तर ती झोपणार कधी? दिवसभर स्वयंपाक, आंघोळ, डायपर करून ती रात्री दोनला उठेल ही अपेक्षाच चुकीची, आणि तिच्यावर अन्याय करणारी. अंथरुणावरच्या माणसाला घरी ठेवायचं तर बारा-बारा तासांच्या दोन बायका लागतात. हा खर्च धरला की घर ‘स्वस्त’ राहत नाही. शिवाय ब्युरोची बाई म्हणजे सिस्टर नव्हे. इन्सुलिन, कॅथेटर, नळीतून खाणं यांसाठी एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली व्यक्तीच हवी.

केअर सेंटरमध्ये रात्रपाळी असते, पण ती जागी असते का? पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेला चार्ट हातात घ्या. एका सेंटरमध्ये मी तो दुपारी दोनला पाहिला. चारचा आणि सहाचाही रकाना भरलेला होता, ‘डावी कूस’, ‘उजवी कूस’, एकाच पेनाने, एकाच घाईत. मॅनेजर मात्र मला जेवणाचा मेनू दाखवत होता. तेव्हापासून माझा नियम: भेट दुपारी ठरवून द्यायची नाही, रात्री आठला, पाळी बदलताना जायचं. दिवसाची सिस्टर रात्रीच्या सिस्टरला काही सांगते का, की पर्स उचलून निघते, ते तेव्हा दिसतं. आणि तिथल्या एखाद्या आजींची, त्यांच्या घरच्यांची हरकत नसेल तर पांघरूण बाजूला करून टाच बघा. टाच खोटं बोलत नाही.

वृद्धाश्रमात रात्री बहुधा चौकीदार आणि एखादी मावशी. स्वतः उठून बाथरूमला जाणाऱ्या माणसाला ते चालतं. एवढंच विचारा, की छातीत दुखलं तर गाडी कुठली, आणि कोणत्या हॉस्पिटलात. ‘मेडिकलला नेतो’ (म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) हे उत्तर शहराबाहेर, हिंगण्याच्या पलीकडल्या आश्रमातून येत असेल तर रात्रीचा रस्ता एकदा स्वतः गाडीने करून बघा.

दुसरी गोष्ट पुण्या-मुंबईचे लोक विचारतच नाहीत: उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. म्हाताऱ्यांना तहान कमी लागते, त्यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, वरच्या मजल्याची, थेट स्लॅबखालची खोली स्वस्तात मिळत असेल तर नको. आणि कूलर! लोखंडी कूलरच्या बॉडीत करंट उतरून दरवर्षी माणसं दगावतात. खाली ओली फरशी, हातात वॉकर, पाण्याची पातळी बघायला वाकलेले आजोबा. खोलीच्या लाइनवर अर्थ लीकेज ब्रेकर (करंट उतरताच वीज तोडणारा स्विच) आहे का, आणि कूलर भरताना प्लग कोण काढतं, हे मी फॉर्म बीच्याही आधी विचारीन. एका आश्रमातल्या आजी म्हणाल्या, ‘कूलर मले भरू देत नाहीत बाप्पा, हातच लावू देत नाहीत.’ कुरकुरत होत्या. मी मनात त्या आश्रमाला पाच तारे दिले. घरी ठेवणार असाल तर हीच व्यवस्था तुम्हाला करावी लागेल. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर इन्व्हर्टरसकट.

बाथरूमचं थोडक्यात: कमोडशेजारी भिंतीत ठोकलेला दांडा, न घसरणारी फरशी, बाहेर उघडणारं दार, बाहेरून उघडता येणारी कडी. रॅम्पचा चढ बारा फुटाला एक फूट याहून तीव्र नको. टॉवेलचा रॉड म्हणजे दांडा नव्हे.

पैशांत फसगत होते ती ‘एक्स्ट्रा’मध्ये. डायपर, फिजिओ, औषधं, रात्रीची स्वतंत्र बाई यांचे दर लेखी घ्या. डिपॉझिट मृत्यूनंतर किंवा हॉस्पिटलात हलवल्यावर किती दिवसांत परत, तेही लिहून घ्या. करसवलत असलेल्या धर्मादाय संस्थेच्या आश्रमाला साठीपुढच्या रहिवाशाकडून राहणं-जेवण-देखभाल धरून महिना २५,००० रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे, बिलात लावला असेल तर विचारा. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड वर्षाला पाच लाखांपर्यंत हॉस्पिटलचा खर्च उचलतं, केअर सेंटरचं महिन्याचं बिल नाही.

माझं मत विचाराल तर असं. हिंडत्याफिरत्या, गप्पिष्ट, गोळ्या स्वतः घेणाऱ्या माणसाला आश्रम. केअर सेंटरमध्ये ते महिन्याभरात खचतील. अर्धांगवायू, नळी, जखम असेल तर नोंदणी असलेलं केअर सेंटर. स्मृतिभ्रंश पण पाय धडधाकट असतील तर प्रश्न सर्वांत अवघड: आश्रमाचं फाटक उघडं असतं, आणि काही सेंटरांत गुंगीची गोळी देऊन झोपवतात. अशा वेळी औषधांच्या चिठ्ठीवर कोणत्या डॉक्टरची सही आहे ते बघाच. घर आणि बाई हा पर्याय फक्त तेव्हा, जेव्हा रोज संध्याकाळी चप्पल घालून तिथे डोकावणारं रक्ताचं किंवा शेजारचं कोणीतरी नागपुरातच आहे. सीसीटीव्हीवरून कूस बदलत नाही.

तक्रार करायची वेळ आली तर शुश्रूषागृहासाठी महापालिकेचा आरोग्य विभाग, न्यासासाठी धर्मादाय कार्यालय, पैसे देऊन घेतलेल्या कोणत्याही सेवेसाठी ग्राहक आयोग. एल्डर लाइनचा १४५६७ हा नंबर सकाळी आठ ते रात्री आठ चालतो. तो आई-बाबांच्या फोनमध्येही टाकून द्या, आणि फोन त्यांच्याजवळच राहील, ऑफिसात जमा होणार नाही, हे करारात लिहून घ्या.