१८५७ च्या उठावाच्या कारणांवरच्या नोट्स (एमपीएससी)
औरंगपुऱ्यातून घेतल्या, किंमत जरा जास्तच पण माल चांगलाय. बाकीचे सगळे काडतुसाच्या चरबीवरच अडकतात, इथं गव्हर्नर जनरल डलहौसीनं १८४८ ला सातारा खालसा केलं तिथपासून झाशी, मग १८५६ ला अवध अन् त्याच वर्षी नव्या शिपायांना समुद्रापार जायची सक्ती करणारा कायदा, असं एकामागं एक लावलंय की पाठ करायची गरजच पडत नाही. पण आपल्या मराठवाड्याचं काहीच नाही राव! १८५३ ला निजामाकडून वऱ्हाडासोबत धाराशिवचा भाग पण कंटिंजंट फौजेच्या (निजामाच्या खर्चानं ठेवलेली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज) खर्चापायी इंग्रजांनी घेतला, अन् १८५७ च्या जूनमधे इथल्याच औरंगाबादच्या छावणीत घोडदळ बिथरलं, त्यावर एक ओळ नाही. बायंडिंग फालतू, पानं लगेच सुटतात, स्पायरल मारून घ्या.